तात्या विंचूचा जीव नेमका कुठे आहे?

मांडीवर बसेल एवढा एक बाहुला. वरखाली होणारा जबडा, इकडून तिकडे फिरणारे डोळे आणि आत एका मेलेल्या गुंडाचा आत्मा. 1993 साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधून तात्या विंचू मराठी घराघरांत शिरला, तो अजून बाहेर पडायला तयार नाही. आमच्या मलकापुरात तो सिनेमा लागला तेव्हा पाळण्यात असलेली मुलं आता आईबाप झाली आहेत आणि त्यांची पोरंही तात्या विंचूचं नाव काढलं की निमूट अंथरुणात शिरतात. कापडा-लाकडाच्या एका वस्तूनं एवढ्या लोकांच्या मनात एवढी वर्षं ठाण मांडावं, ही मला फार मोठी नवलाची गोष्ट वाटते.

बरोबर 20 वर्षांनी, जून 2013 मध्ये, ‘झपाटलेला 2’ आला. दिग्दर्शक तेच, बाहुला तोच, त्याला आवाज देणारे नटही तेच. शिवाय डोळ्यांवर चष्मा चढवून बघायचा त्रिमिती सिनेमा, आणि तोही मराठीत! आता प्रश्न असा की दुसरा पहिल्याच्या तोडीचा झाला का? हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर एका झटक्यात येतं: ‘पहिला तो पहिलाच.’ उत्तर बरोबर आहे, पण त्यामागचं कारण विचारलं की लोक थबकतात. गाणी, गोष्ट, जुन्या दिवसांची ओढ, असं काहीबाही सांगतात. खरं कारण त्याहून कितीतरी चकित करणारं आहे. ते समजायचं तर आधी बाहुल्याच्या पोटात, मग आपल्या कानात आणि शेवटी पहिल्या सिनेमाच्या नायकाच्या, म्हणजे लक्ष्याच्या (लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या) डोळ्यांत डोकवावं लागतं.

सहा वर्षांच्या मुलाच्या जागी लक्ष्या

आधी गोष्ट थोडक्यात. तात्या विंचू हा अट्टल गुन्हेगार बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. इन्स्पेक्टर महेश जाधवची गोळी लागून मरता मरता तो मंत्र म्हणतो आणि आपला जीव एका बाहुल्यात घालतो. हा बाहुला येऊन पडतो लक्ष्याच्या घरी. तात्याला बाहुल्यातून सुटायचं असेल तर एकच वाट असते. आपलं खरं रूप ज्याला त्यानं पहिल्यांदा दाखवलं, त्याच माणसाच्या देहात त्याला शिरता येतं. तो माणूस म्हणजे बिचारा लक्ष्या.

या कल्पनेचं बी अमेरिकेतलं. 1988 साली तिकडे ‘चाइल्ड्स प्ले’ नावाचा भयपट आला. त्यातला चकी हा बाहुलाही असाच एका खुन्याच्या आत्म्यानं झपाटलेला आणि नियमही जवळपास हाच. फरक एवढाच की तिथे चकीच्या तावडीत सापडतो तो सहा वर्षांचा अँडी. लहान मुलगा ‘माझा बाहुला बोलतो’ म्हणाला, तर घरातली मोठी माणसं हसून सोडून देतात. त्यातून भीती तयार होते, कारण पोर एकटं पडतं.

कोठारे यांनी त्या मुलाच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे यांना उभं केलं आणि सगळा खेळच पालटला. मिशा फुटलेला, लग्नाला आलेला बाप्या गावभर ओरडत सुटतो की बाहुला बोलतोय, बाहुला मारायला उठलाय, आणि कुणी म्हणजे कुणी त्याचं ऐकत नाही. त्यात लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा आधीपासूनच नाद. बाहुला बोलतो असं लोकांना पटवणं हाच ज्याचा छंद, त्याचा बाहुला एक दिवस खरंच बोलू लागतो आणि नेमकं तेव्हाच त्याचं कुणाला पटत नाही! भीतीच्या गोष्टीतली एक सोंगटी हलवली आणि तिच्यातून हसू फुटलं. ‘झपाटलेला’च्या यशाची पहिली किल्ली मला इथे सापडते.

ओठ न हलवता वर्णमाला

आता बाहुल्याकडे वळू. तो घडवला रामदास पाध्ये यांनी. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला खिदळणारा ससा आठवतो ना? तोही त्यांचाच. त्यांचे वडील य. के. पाध्ये हे नामवंत शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारे कलाकार. त्यांचा अर्धवटराव हा बोलका बाहुला आता शंभरी ओलांडून गेला, तरी पाध्ये घराण्याच्या पुढच्या पिढ्यांच्या हातात तो बोलतोच आहे. तात्या विंचू दिसायला कितीही भेसूर असला, तरी नात्यानं तो अर्धवटरावाचाच धाकटा भाऊबंद.

बोलका बाहुला आतून पाहिला तर थक्क व्हायला होतं. डोकं पोकळ असतं आणि मानेतून एक दांडा खाली धडात उतरतो. त्या दांड्यावर छोट्या कळा: एक ओढली की जबडा उघडतो, दुसरीनं डोळे वळतात, तिसरीनं भुवया उडतात. कलाकाराचा हात बाहुल्याच्या पाठीतून आत जातो आणि तळहात नि बोटं एकाच वेळी चारपाच कामं करतात. मान जराशी तिरकी केली की बाहुला विचारात पडतो. डोळे आधी वळवून मान मागाहून वळवली की त्याला काहीतरी सुचलेलं असतं. जिवंत माणूस तेच करतो; आधी नजर जाते, मग मान.

आणि आवाज? हा प्रयोग घरच्या घरी करून बघा. आरशासमोर उभे राहा, ओठ किंचित विलग ठेवा आणि ते अजिबात हलवायचे नाहीत असं ठरवून वर्णमाला म्हणा. क, ख, ग, घ सहज निघतात, कारण ते घशाजवळ तयार होतात. च-छ-ज-झ टाळूशी होतात, तेही जमतात. ट-ठ-ड-ढ जमतात, त-थ-द-ध जमतात. पाचव्या ओळीशी आलात की गाडी अडते. प, फ, ब, भ, म! ओठ मिटल्याखेरीज यातलं एकही अक्षर नीट उमटत नाही. आपल्या पूर्वजांनी वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणे, घशापासून ओठांपर्यंत लावून ठेवली आहे. त्यामुळे शब्दभ्रमकाराची सगळी अडचण आपल्याकडे एका ओळीत येऊन बसते.

मग तो करतो काय? ओठांचं काम जिभेवर सोपवतो. ‘प’च्या जागी ‘त’शी मिळताजुळता, ‘ब’च्या जागी ‘द’शी आणि ‘म’च्या जागी ‘न’शी मिळताजुळता आवाज काढतो. म्हणजे ‘मला भूक लागली, भाकरी वाढ’ हे वाक्य त्याच्या तोंडून खरं तर ‘नला धूक लागली, धाकरी वाढ’च्या जवळपास निघतं. तरी समोरच्याला ते बरोबर ऐकू येतं! वाक्याचा अर्थ आपल्याला आधीच लागलेला असतो, म्हणून चुकलेलं अक्षर कान परस्पर दुरुस्त करून घेतो. पुढे बसलेल्या शेकडो माणसांचे कान एकाच वेळी ही दुरुस्ती करत असतात आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

सिनेमात मात्र ही कसरत लागत नाही. तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. सुरुवातीला हाडामांसाचा तात्या विंचूही तेच होतात आणि मग बाहुल्याच्या तोंडून बोलतात. दूरदर्शनवरचे चिमणराव, ‘चौकट राजा’तला नंदू, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा, ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी आणि हा तात्या विंचू, हे सगळे एकाच गळ्यातून आले आहेत, हे मुलांना सांगून बघा. ती विश्वास ठेवणार नाहीत.

तंबूतला भोंगा आणि आपले कान

इथे एक कोडं उभं राहतं. बाहुल्याचा जबडा फक्त वरखाली होतो. त्याला ‘ओ’साठी ओठांचा चंबू करता येत नाही, ‘ई’साठी ते ताणता येत नाहीत, ‘म’साठी धड मिटताही येत नाहीत. आवाज तर वेगळ्याच माणसाचा आणि निघतो तो स्पीकरमधून. तरीही आपण शपथेवर सांगू की तात्या विंचूच बोलला. असं कसं?

आपल्याकडच्या यात्रा ज्यांनी केल्या आहेत, त्यांनी या कोड्याचं उत्तर नकळत अनुभवलेलं आहे. साताऱ्या-सांगलीकडच्या यात्रांमधला तंबूतला सिनेमा आठवा. मधोमध पडदा, खाली माती, पुढूनही माणसं बसलेली आणि मागूनही. मागच्यांना चित्र उलटं दिसायचं, डावखुरा नायक उजवा व्हायचा, पण कुणाची तक्रार नसे. भोंगा मात्र पडद्यात नसायचाच. तो तंबूच्या खांबाला कुठेतरी एका बाजूला टांगलेला. पहिली दोनचार मिनिटं आवाज त्या कोपऱ्यातून येतोय असं वाटायचं. एकदा गोष्टीत रंगलो की तोच आवाज उचलून कुणीतरी नटाच्या तोंडात नेऊन ठेवायचं.

हे ठेवणारं कुणीतरी म्हणजे आपला मेंदू. आवाज कुठून आला हे ठरवताना तो कानापेक्षा डोळ्यावर जास्त विसंबतो, कारण एखादी वस्तू नेमकी कुठे आहे हे सांगण्यात डोळा कानाहून तरबेज असतो. आवाजाच्या वेळी एखादं तोंड हलताना दिसलं की मेंदू निकाल देऊन टाकतो: हाच बोलला. शास्त्रज्ञांनी या गुणाला शब्दभ्रमकलेचंच नाव दिलं आहे.

मेंदूचा हा हट्ट किती खोल जातो, ते 1976 साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्यांनी एका बाईचं ‘गा’ म्हणतानाचं चित्रण घेतलं आणि त्यावर ‘बा’ हा आवाज जोडला. ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना ना ‘बा’ ऐकू आला, ना ‘गा’. त्यांना ऐकू आला ‘डा’! पुन्हा आपली वर्णमाला समोर धरा. ‘ग’ घशापाशी, ‘ब’ ओठांपाशी आणि ‘ड’ या दोघांच्या अधेमधे. डोळा म्हणाला घसा, कान म्हणाला ओठ, आणि मेंदूनं दोघांचं मन राखत मधली जागा पकडली. डोळे मिटले की लगेच खरा ‘बा’ ऐकू येतो, उघडले की पुन्हा ‘डा’. हे सगळं माहीत असूनही फसगत टळत नाही.

म्हणून तात्या विंचूचा जबडा ओबडधोबड हलला तरी चालून जातं. तो योग्य वेळी हलला म्हणजे झालं. वेळ साधण्याचं काम पाध्ये यांच्या बोटांनी चोख केलं. 1993 साली संगणकावर तारा-दांडे पुसून टाकायची सोय मराठी सिनेमाच्या आवाक्यात नव्हती. बाहुल्याला चालवणारे हात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरच राहायला हवे होते. कॅमेरा किती खाली ठेवायचा, बाहुला कशाआडून डोकावेल, कुठल्या क्षणी दृश्य तोडायचं, यावर सगळी भिस्त. कोठारे यांना असल्या करामतींची हौस आधीपासूनच होती. ‘धडाकेबाज’मध्ये त्यांनी लक्ष्मीकांतना बाटलीत मावेल एवढं छोटं करून दाखवलं होतं.

बाळ आईकडे का बघतं?

इथपर्यंत बाहुला बोलू लागला. पण नुसता बोलणारा बाहुला कुणाला घाबरवत नाही. अर्धवटराव बोलतो तेव्हा आपण खुशाल हसतो. मग तात्या विंचूची भीती आली कुठून?

याचं उत्तर मला सापडलं ते रांगत्या बाळांवरच्या एका प्रयोगात. अमेरिकेत एक टेबल तयार केलं होतं. वर भक्कम काच, काचेखाली चौकटीचौकटीचं कापड. अर्ध्या टेबलावर कापड काचेला चिकटून, पुढच्या अर्ध्यात ते खाली गेलेलं. त्यामुळे मध्येच खड्डा पडल्यासारखं दिसतं, काच असल्यानं पडण्याचा धोका मात्र नसतो. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खड्ड्याची खोली मुद्दाम बेताची ठेवली. बाळाला धड भीतीही वाटू नये आणि धड खात्रीही पटू नये एवढीच. वर्षभराची बाळं रांगत काठापाशी येऊन थांबायची आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईच्या तोंडाकडे बघायची. आई हसऱ्या चेहऱ्यानं उभी असली तर बहुतेक बाळं काच ओलांडून तिच्याकडे जायची. आईनं भ्यालेला चेहरा केला, तेव्हा मात्र एकही बाळ पुढे गेलं नाही. एकही नाही!

समोरची गोष्ट भिण्यासारखी आहे की हसण्यासारखी, हे ठरत नसेल तेव्हा माणूस त्या गोष्टीकडे बघत नाही. आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो. थिएटरात बसलेले आपण सगळे त्या काठावर आलेली बाळंच असतो. समोर बाहुला. भ्यायचं की हसायचं? आपली नजर आपोआप जाते ती लक्ष्याच्या तोंडाकडे.

आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा तो चेहरा! तिथे भीती खरी आहे, पुरती खरी आहे, आणि त्याच क्षणी तिचं हसूही येतं. डोळे विस्फारतात, आवाज फुटता फुटता घशात अडकतो, हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे पळू बघतात. दुसरा एखादा नट अशा वेळी प्रेक्षकाकडे बघून ‘बघा मी कसा घाबरलो’ असं सुचवून गेला असता. लक्ष्या तसं करत नाही. तो बाहुल्याकडेच बघत राहतो आणि तो बघत राहतो म्हणून बाहुला जिवंत होतो. ‘झपाटलेला’ पुन्हा लावाल तेव्हा एकच करा. तात्या विंचू आणि लक्ष्या एका चौकटीत आले की बाहुल्यावर हात धरून तो झाका आणि फक्त लक्ष्याला बघा. बाहुला दिसत नसतानाही तो तिथे आहे, एवढा आहे, आता हलला, आता जवळ आला, हे सगळं कळत राहतं.

त्याच 1993 च्या जून महिन्यात अमेरिकेत ‘जुरासिक पार्क’ झळकला. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या हाताशी जगातली सर्वांत पुढारलेली यंत्रं आणि संगणक होते. तरी तो पहिला अजस्र डायनासोर दाखवण्याआधी ते काय दाखवतात? चकित झालेल्या शास्त्रज्ञांचे चेहरे. जीपमध्ये उभा राहून टोपी-चष्मा काढणारा माणूस आधी, जनावर मागाहून. हॉलिवूडच्या डायनासोरात आणि आपल्या तात्या विंचूत पैशांचं अंतर केवढं, पण दोघांना जिवंत करणारा मंत्र एकच: जो बघतोय त्याचा चेहरा दाखव.

डोळ्यांपुढे आलेला बाहुला

16 डिसेंबर 2004 रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय अवघं पन्नास. ‘झपाटलेला 2’ त्यानंतर साडेआठ वर्षांनी आला, म्हणजे तो लक्ष्याशिवायच येणार होता. कोठारे यांनी गोष्टीतून वाट काढली: लक्ष्या या जगात नाही, म्हणून तात्या विंचू त्याच्या मुलाच्या, आदित्यच्या मागे लागतो. आदित्यची भूमिका केली आदिनाथ कोठारे यांनी. सोबत सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे. प्रभावळकरांचा आवाज होता, पाध्ये यांचा बाहुला होता. आणि लक्ष्याची जागा भरून काढायला एक नवी जादू होती, त्रिमितीची.

ही जादूही समजून घेण्याजोगी आहे. अंगठा नाकासमोर धरून आलटून पालटून एकेक डोळा मिटा. अंगठा उडी मारल्यासारखा दिसतो. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे 6 सेंटीमीटरांचं अंतर असल्यानं दोघांना जग किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू वस्तू किती लांब आहे हे ताडतो. 1838 साली चार्ल्स व्हीटस्टन यांनी दोन सपाट चित्रं दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवून खोलीचा भास तयार करून दाखवला. त्रिमिती सिनेमा तेच करतो. पडद्यावर दोन चित्रं पडतात, प्रत्येकाचा प्रकाश वेगळ्या पद्धतीनं गाळलेला, आणि चष्म्याची काच आपापल्या डोळ्याचंच चित्र आत सोडते. साधा पांढरा पडदा ही गाळणी बिघडवतो म्हणून तिथे चंदेरी पडदा लावावा लागतो.

खरी गंमत पुढे आहे. डाव्या डोळ्याचं चित्र थोडं उजवीकडे आणि उजव्याचं थोडं डावीकडे सरकवलं की दोन्ही डोळ्यांच्या नजरा पडद्याआधीच, हवेत, एकमेकींना छेदतात. मेंदू म्हणतो वस्तू तिथेच आहे. पडदा सोडून बाहुला आपल्या खुर्चीशी येतो तो असा! 1984 मध्ये मल्याळममध्ये निघालेल्या आणि पुढे हिंदीत ‘छोटा चेतन’ म्हणून गाजलेल्या सिनेमानं भारताला ही चव पहिल्यांदा दाखवली. मराठीत ती आणायची हिंमत कोठारे यांनी केली. मराठी सिनेमाचा जीव किती आणि त्रिमितीचा खर्च किती, हे ध्यानात घेतलं तर या धाडसाला मनापासून दाद द्यायला हवी.

तरीही सिनेमा बघून बाहेर पडताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. काय राहिलं? माझं उत्तर असं. पहिल्या सिनेमात आपण उठून लक्ष्याच्या शेजारी जाऊन उभे राहिलो होतो. दुसऱ्यात बाहुला उठून आपल्या शेजारी आला. भीती आता थेट आपल्या डोळ्यांवर येऊन आदळते. आधी कुणाच्या तोंडाकडे बघायची गरजच उरत नाही. अंग दचकतं आणि पुढच्या क्षणी विसरतं.

दुसरं कारण गोष्टीच्या रचनेत आहे. पहिल्यात जो घाबरतो तोच हसवतो. दुसऱ्यात ही दोन कामं दोन माणसांत वाटली गेली. तात्या विंचू ज्याच्या देहासाठी हपापला आहे तो आदित्य देखणा, धीट नायक आहे. नायकाच्या भीतीला आपण हसत नाही, तो जिंकणार हे आपल्याला ठाऊक असतं. हसवण्याचा मोठा भार आला मकरंद अनासपुरे यांच्यावर आणि ते आपल्या वाट्याचं काम झोकात करतात. पण जीव धोक्यात एकाचा आणि विनोद दुसऱ्याचा, असं झालं की भय आणि हसू आपापल्या वाटेनं निघून जातात. लक्ष्यामध्ये ती दोन्ही एका श्वासात यायची.

वीस वर्षं मध्ये आली की

हा अनुभव एकट्या ‘झपाटलेला’चा नाही. अमेरिकेत 1980 साली ‘द ब्लूज ब्रदर्स’ हा धमाल विनोदी सिनेमा आला. त्यातले दोन भाऊ म्हणजे जॉन बेलुशी आणि डॅन अ‍ॅक्रॉइड. बेलुशी 1982 मध्ये ऐन तारुण्यात गेले. 1998 मध्ये त्याच दिग्दर्शकानं, जॉन लँडिस यांनी, अ‍ॅक्रॉइड यांना घेऊन दुसरा भाग काढला. गाणीबजावणी, गाड्यांची मोडतोड, सगळं होतं. प्रेक्षकांनी पाठ फिरवली. जोडीतला एक नसला की उरलेल्याचा विनोद टाळीसाठी पुढे केलेल्या एका हातासारखा होतो.

याच्या उलट आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 2004 साली सचिन पिळगांवकर यांचा ‘नवरा माझा नवसाचा’ एस.टी.तून गणपतीपुळ्याला निघाला होता. 20 वर्षांनी, सप्टेंबर 2024 मध्ये, त्याचा दुसरा भाग कोकण रेल्वेतून निघाला. एस.टी.त कंडक्टर असलेले अशोक सराफ रेल्वेत टी.सी. झाले. या दुसऱ्या भागाबद्दलही लोक ‘पहिला तो पहिलाच’ म्हणतात. तरी अशोकमामा डब्यात शिरले की थिएटर आधीच हसायला लागतं. त्यांनी अजून काही केलेलंही नसतं. तो चेहरा आहे, एवढं पुरतं.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या भागाच्या वाट्याला हमखास येते. त्याची तुलना पहिल्या सिनेमाशी होतच नाही. ती होते वीस वर्षांत टीव्हीवर पन्नासदा बघितलेल्या, घरच्यांसोबत हसलेल्या, वाक्यन्‌वाक्य पाठ झालेल्या सिनेमाशी. माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसतो, असं रॉबर्ट प्रोव्हाइन या हास्याच्या अभ्यासकाला आढळलं होतं. म्हणजे ‘झपाटलेला’ आठवताना जे हसणं आपल्याला आठवतं, त्यात आजी असते, भावंडं असतात, शेजारची पोरं असतात. नव्या सिनेमाला एका दुपारच्या खेळात या सगळ्यांची बरोबरी करायची असते. हे ओझं त्याच्यावर टाकणं न्यायाचं नाही, आणि ते उतरवणंही आपल्या हातात नाही.

म्हणून माझा निवाडा असा आहे. कारागिरीत ‘झपाटलेला 2’ पहिल्यापेक्षा रेसभरही कमी नाही, काही ठिकाणी पुढेच आहे. बाहुला तोच आहे, आवाज तोच आहे, धाडस तर अधिकच आहे. विनोदात मात्र तो पहिल्याच्या तोडीचा नाही आणि यात कुणाचा दोष नाही. तात्या विंचूचा अर्धा जीव पाध्ये यांच्या बोटांत आणि प्रभावळकरांच्या गळ्यात होता. तेवढा त्यांनी दुसऱ्या भागातही ओतला. उरलेला अर्धा लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या डोळ्यांत होता. त्याला मंत्र नाही.

तुमच्या घरात ‘झपाटलेला’ अजून न पाहिलेलं मूल असेल, तर येत्या सुट्टीत दोन्ही भाग त्याला दाखवा, पहिला आधी आणि दुसरा मागाहून. पहिला लावाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, मोबाइलवर एकेकट्यानं बघू नका. बाहुला पहिल्यांदा तोंड उघडेल तेव्हा पडद्याकडे न बघता त्या मुलाकडे बघा. ते आधी बाहुल्याकडे बघेल, मग लक्ष्याकडे आणि मग तुमच्याकडे. तेव्हा तुम्ही मोकळेपणानं हसा, म्हणजे तेही हसेल.